लेथ जुना चालेल, टूल धारदार पाहिजे

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशिन शॉपमध्ये मी सव्वीस वर्षं लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर काढली. शॉपमधला सगळ्यात म्हातारा लेथ जवळजवळ माझ्या वयाचा. बेड झिजलाय, गिअरबॉक्स कुरकुरतो, पण टूलला धार असली आणि त्याच्या खोडी ठाऊक असल्या की अजून पॉइंट झिरो टू मिलिमीटरच्या अचूकतेत जॉब काढून देतो. नव्याकोऱ्या, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसीवर बोथट इन्सर्ट (टूलचं पातं) लावा, जॉब भंगारातच जाणार. जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांचं अगदी तसंच आहे. बॉडी म्हणजे लेथ, लेन्स म्हणजे टूल. पैसे टूलवर घाला.

चहाच्या सुट्टीत मी कॅमेरा काढला की कुणीतरी म्हणतंच, "काय करुलालास बे? मोबाईल हाय की खिशात!" मी वाद घालत नाही. मोबाईल चांगलाच फोटो काढतो. पण माझ्या कॅमेऱ्याचा फोटो टिपणारा सेन्सर २२.२ बाय १४.८ मिलिमीटरचा आहे, बऱ्यापैकी टपालाच्या तिकिटाएवढा. मोबाईलचा त्यापुढे डाळीचा दाणा. मागची पार्श्वभूमी विरघळते ती काचेमुळे, मोबाईलसारखी हिशोब करून पुसलेली नसते. आणि डोळा व्ह्यूफाइंडरला लावला की बाजूचं जग बंद होतं. दिवसभर मशिनचा आवाज ऐकणाऱ्या माणसाला याची किंमत कळते.

माझा कॅमेरा म्हणजे कॅनन ४५०डी, २००८ सालचा, १२.२ मेगापिक्सेल. खडेबाजारच्या बाजूला लग्नाचे फोटो काढणारे एक काका आहेत. ते मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यावर गेले तेव्हा हा कपाटात पडून होता. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ एमएम झूम, म्हणजे किट लेन्स, दोन बॅटऱ्या आणि चार्जर, सगळं मिळून साडेसहा हजार. "तुला कशाला रे हे?" असं त्यांनी दोनदा विचारलं आणि मग पट्टा फुकट दिला.

बॉडी घेताना

आधी मेगापिक्सेलचं भूत उतरवा. फुल एचडी टीव्हीवर जेमतेम दोन मेगापिक्सेल दिसतात, फोर-के टीव्हीवर आठच्या थोडे वर. १२ मेगापिक्सेलमधून १२ बाय ८ इंचाची प्रिंट आरामात निघते, आणि त्याहून मोठी प्रिंट आपण कितीदा काढतो? निकॉन डी४० तर २००६ सालचा, सहाच मेगापिक्सेलचा आहे. माझ्या मेव्हण्याकडे तो अजून आहे, आणि त्याच्या पोरीच्या बारशाचे फोटो आमच्या सगळ्यांच्या फोटोंपेक्षा सरस आलेत.

कॅननमध्ये भानगड कमी. ईएफ माउंट, म्हणजे लेन्स बसायचं कडं, १९८७ पासून तेच आहे, त्यामुळे त्या काळापासूनची कुठलीही ईएफ लेन्स ४५०डी, ५००डी, १०००डी, ११००डीवर बसते आणि ऑटोफोकसही चालतो. निकॉनमध्ये माउंट १९५९ पासूनचं, पण तिथे एक गोम आहे. जुन्या एएफ (ऑटोफोकस) लेन्समध्ये मोटर नसते, ती बॉडीत असावी लागते. माउंटच्या कड्यात स्क्रूड्रायव्हरच्या टोकासारखी एक बारीक दांडी दिसली तर मोटर आहे. डी९० आणि डी७०००मध्ये ती आहे. डी४०, डी६०, डी३०००, डी३१००, डी५०००, डी५१०० यांत नाही. या दुसऱ्या यादीतली बॉडी घेतली तर स्वस्त ५० एमएम एफ १.८डी लेन्सवर फोकस हाताने फिरवत बसावं लागेल. त्यांच्यासाठी एएफ-एस ३५ एमएम एफ १.८ शोधा. मेव्हण्याने हे न विचारता लेन्स आणली होती. ती आता माझ्या एका भाच्याच्या डी९०वर आहे, म्हणजे घरातच राहिली म्हणायची.

कार्डही बघा. फार जुन्या बॉडीत कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड असतं. त्याच्या खाचेत बारीक पिना असतात आणि एखादी वाकली की खेळ खलास. टॉर्च लावून पिना सरळ रांगेत आहेत का बघा. ४५०डीला एसडी कार्ड लागतं, पण १६ किंवा ३२ जीबीचं एसडीएचसीच घ्या, मोठ्या कार्डाच्या नादी लागू नका. एक रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची फाइल साधारण पंधरा एमबीची, १६ जीबीत हजाराच्या आसपास मावतात. तेवढे फोटो एका दिवसात काढाल तर घरचे जेवायला वाढणार नाहीत.

विकणाऱ्याच्या टेबलावर दहा मिनिटं मागा. द्यायला तयार नसेल तर नमस्कार करून उठा. मी काय करतो ते सांगतो. शटरचा वेग १/४०००वर नेऊन खिडकीकडे चार-पाच फोटो काढतो. फोटोचा एखादा पट्टा काळा आला तर शटर थकलंय. मग अॅपर्चर (लेन्समधलं भोक, एफचा आकडा मोठा तितकं ते लहान) एफ १६वर नेतो, फोकस मुद्दाम बिघडवतो आणि पांढऱ्या भिंतीचा फोटो काढतो. सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांसारखी दिसते. धूळ निघते, तिला घाबरायचं नाही, पण तिच्या नावाने दोन-तीनशे रुपये कमी करून घेता येतात. शटर किती वेळा चाललंय हा आकडा निकॉनमध्ये फोटोच्या फाइलमध्येच सापडतो. कॅननच्या या पिढीत केबलने कॉम्प्युटरला जोडून छोट्या सॉफ्टवेअरने काढावा लागतो. लग्नवाल्याचा कॅमेरा असेल तर आकडा मोठाच असणार. पण रोज चाललेलं मशिन आणि दहा वर्षं कव्हरखाली गंजलेलं मशिन यातलं मी पहिलं घेईन.

बॅटरी जुनी म्हणजे मेलेली समजा. दुसऱ्या कंपनीची नवी बॅटरी मिळते, तिचे पैसे आधीच किमतीत धरा.

लेन्स

इथे मी जास्त वेळ घेणार आहे.

पहिली लेन्स जवळच असते, ती म्हणजे १८-५५ किट. तिला नावं ठेवायची फॅशन आहे. कॅननची बिगर-आयएस, म्हणजे हाताची थरथर न सावरणारी जुनी आवृत्ती खरंच पुचाट होती, पण २००७ची आयएसवाली वेगळी. एफ ८वर ती खणखणीत आहे. बाजारात फिरताना माझी युक्ती अशी: झूम १८वर, अॅपर्चर एफ ८, दोन मीटरवरच्या कशावर तरी ऑटोफोकस करायचा आणि लेन्सचा स्विच एमएफवर, म्हणजे हाताच्या फोकसवर सरकवायचा. आता एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. झूमला आणि फोकसला हात लावायचा नाही. गणपत गल्लीत सकाळी फुलवाल्या बायका माळा मोजत असतात, तिथे कॅमेरा उचलून फोकस शोधत बसलात तर क्षण गेला.

दुसरी ५० एमएम एफ १.८. कॅननची दुसरी आवृत्ती १९९०ची, वजन १३० ग्रॅम, माउंटसुद्धा प्लास्टिकचं. हातात घेतली की खेळणं वाटतं आणि फोकस करताना किरकिरते. ऑटोफोकस चालू असताना तिची रिंग हाताने फिरवू नका, आतले गिअर नाजूक आहेत. १.८वर जरा मऊ, २.८वर वस्तऱ्यासारखी. आपल्या सेन्सरवर तिची नजर ८० एमएमसारखी होते, म्हणजे चेहऱ्यांसाठी उत्तम आणि घरातल्या खोलीत अडचणीची. २०१५ची एसटीएम (वेगळ्या मोटरची) आवृत्ती धातूच्या माउंटची, जास्त शांत. ती चार पैसे जास्त देऊन मिळाली तर तीच घ्या. मला जुनीच मिळाली, आणि मी ती सोडणार नाही.

तिसरी माझी लाडकी, हेलिओस ४४-२. सोव्हिएत काळातली, ५८ एमएम, एफ २, सगळी धातूची, मागे ४२ मिलिमीटरचा स्क्रू. या स्क्रू-माउंटला एम४२ म्हणतात, आटे ४२ बाय १ पिचचे. हे वाचलं आणि माझे कान टवकारले. एम४२ लेन्सला तिच्या माउंटपासून सेन्सरपर्यंत ४५.४६ मिलिमीटर अंतर लागतं. कॅननमध्ये ते ४४ मिलिमीटर आहे. फरक १.४६. म्हणजे १.४६ जाडीची एक रिंग मध्ये घातली की काम झालं! हा तर आपला धंदा. मी अॅल्युमिनियमचा गोळा चकमध्ये लावला, आतले आटे एका दुपारी काढले, आणि मग बेयोनेटच्या तीन पाकळ्यांवर तीन रविवार घालवले. चौथ्या रविवारी चारशे रुपयांचा तयार अडॅप्टर मागवला. तो मायक्रोमीटरने मोजला तर १.४० भरला. पातळ असला तर चालतो, लेन्स अनंताच्या खुणेच्या जराशी अलीकडेच लांबचं फोकस करते एवढंच. जाड निघाला असता तर लांबचा राजहंसगड कधीच फोकसमध्ये आला नसता. निकॉनचं अंतर ४६.५, म्हणजे तिथे वजा एक मिलिमीटरची रिंग लागेल. ती जो कुणी बनवून दाखवेल त्याला माझ्यातर्फे कुंद्याचा एक डबा. त्यामुळे निकॉनवाल्यांनी एम४२चा नाद सोडावा आणि निकॉनच्याच हाताने फोकस करायच्या जुन्या लेन्स बघाव्यात. त्यातल्या १९७७ पासूनच्या एआय लेन्स डी७०००वर मीटरिंगसकट, म्हणजे उजेड मोजण्यासकट चालतात. डी४० किंवा डी३१००वर मीटर बंद, अंदाजाने फोटो काढून पडद्यावर बघायचं.

हेलिओस कॅननवर लावली की पडद्यावर अॅपर्चरच्या जागी ०० दिसतं. घाबरू नका, कॅमेऱ्याला लेन्स दिसतच नाही. मोड एव्ही किंवा एम ठेवा. लेन्सवर दोन रिंगा आहेत: एका रिंगवर हवा तो एफ ठरवायचा, दुसरी उघडझाप करते. उघडी ठेवून फोकस करायचा, मग दुसरी रिंग बंद करून क्लिक. काही एम४२ लेन्सवर ए आणि एम असा खटका असतो, तो एमवर ठेवा, नाहीतर अॅपर्चर कायम उघडंच राहतं. ४५०डीचा व्ह्यूफाइंडर लहान आहे, त्यात एफ २चा फोकस डोळ्याने नेमका कळत नाही. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या पडद्यावरचं चित्र चालू करा आणि भिंगाचं बटण दाबून दहापट मोठं करून बघा. मग कळतं की आपण पापणीवर नव्हतो, भुवईवर होतो.

लांबचं हवं असेल तर ५५-२५० आयएस पुरे. तिच्याबद्दल माझी एक जखम आहे, ती पावसाच्या भागात सांगतो.

कुठलीही जुनी लेन्स घेताना मोबाईलची टॉर्च मागून मारा आणि पुढून तिरकं बघा. दोन-चार धुळीचे कण असतातच, त्यांनी फोटोला काही होत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. दुधासारखं धुरकट दिसलं तर उजेडाच्या दिशेने फोटो काढताना रंग उडणार. अॅपर्चरच्या पात्यांवर तेल चमकलं तर ती चिकटणार. पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडा मी माफ करतो, मागच्या काचेवरचा नाही.

आता बाहेर पडा

४५०डीचा आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता, १६००पर्यंतच जातो, आणि १६००ला दाणे दिसतात. हाच त्याचा झिजलेला बेड. मी सहसा ४००, गरज पडली तर ८००वर राहतो. दुसरी खोड अशी की पांढरं फार लवकर जळतं. दुपारच्या उन्हात धोतर-टोपीवाला म्हातारा काढायचा तर एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप कमी करतो. सावली नंतर उचलता येते, जळलेलं पांढरं परत येत नाही. म्हणून रॉ काढा. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन सॉफ्टवेअरं फुकट आहेत आणि जुन्या कॅमेऱ्यांच्या फाइली उघडतात. माझा पोरगा मला दर आठवड्याला एक नवं बटण शिकवतो, मी दोन विसरतो.

किल्ल्यातली कमल बस्ती, हे जैन मंदिर, १२०४ सालची. बाहेर लख्ख ऊन, आत काळा दगड आणि काळोख. आत शिरल्यावर दोन मिनिटं नुसतं बसा. डोळे सरावले की छतातलं कमळ दिसायला लागतं. ५० एमएम एफ २वर, आयएसओ ८००, खांबाला खांदा टेकून १/३०, श्वास सोडता सोडता क्लिक. तिथे पूर्ण कमळ एका चौकटीत मावत नाही, त्यासाठी किट लेन्स १८वर लावा. किल्ल्याच्या आसपास लष्कराची हद्द आहे. पाटी दिसली की कॅमेरा पिशवीत, त्यात शहाणपणा दाखवायचा नाही.

आपल्या वैशाखातल्या शिवजयंतीचे चित्ररथ रात्रीच निघतात. तिथे १६००ला पर्याय नाही. ५० एमएम, एफ २, १/१२५, फोकसचा फक्त मधला बिंदू. रथाच्या दिव्यांचा फोटो काढू नका, ते जळणारच. त्या दिव्यात उजळलेले चेहरे काढा. दाणे फारच दिसले तर ब्लॅक अँड व्हाइट करा, मग तेच दाणे शोभतात.

गोकाकचा धबधबा ५२ मीटरचा. पावसाळ्यात तुषार झुलत्या पुलापर्यंत येतात, म्हणून लेन्स तिथे बदलू नका. ५५-२५० घरूनच लावून निघा आणि पुसायला जुनं सुती धोतर न्या.

वडगाव-शहापूरच्या विणकरांकडे जाल तर एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा लुकलुकते. शटर १/२५० ठेवलं तर एक फोटो पिवळट, दुसरा काळवंडलेला येतो. १/१०० किंवा १/५० ठेवा, सगळे सारखे येतात. मला हे कळायला एक अख्खी दुपार वाया गेली. आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नका. मराठी घर असेल तर "काका, एक फोटो काढू का?", कन्नड घर असेल तर "फोटो तगीलेन्री?" एवढं पुरतं. माझं कन्नड ऐकून लोक हसतात, आणि हसतानाचाच पहिला फोटो चांगला येतो.

पाऊस

जखम ही. ५५-२५० मी तिच्या मऊ रेक्झिनच्या पिशवीत घालून भिंतीतल्या कपाटात ठेवली आणि जून ते सप्टेंबर विसरलो. गणपतीत काढली तर आत पांढरं जाळं. साफ करायचे पैसे विचारले, लेन्सच्या किमतीएवढे. खानापूर-जांबोटीकडे राहणाऱ्यांना तर हे मी सांगायला नको, त्यांच्या चपलांनाही बुरशी येते.

पिशवीतून सगळं बाहेर काढा. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, आत लेन्स, बॉडी, सिलिका जेलची पुडी आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. आकडा ४० ते ५०च्या मध्ये राहिला की झालं. निळं सिलिका जेल गुलाबी झालं की मंद आचेवर भाजून परत निळं करता येतं, पण त्यातला रंग पोटात जाण्यासारखा नाही, म्हणून त्यासाठी वेगळा तवा ठेवा. मी पहिल्यांदा बायकोची कढई वापरली होती. पुढचं सांगत नाही. तांदूळ घालू नका, त्याची पावडर लेन्सच्या फटीत जाते. डांबराच्या गोळ्या तर अजिबात नकोत, त्यांची वाफ काचेवर बसते. आणि दर रविवारी कॅमेरा बाहेर काढून दहा फोटो काढा. वापरातल्या लेन्सला बुरशी क्वचितच धरते.

धूळ झटकायला रबरी ब्लोअर वापरा. सेन्सरवर हवा मारायची तर बॅटरी पूर्ण भरून, मेनूतून आरसा वर करून, कॅमेरा तोंड खाली धरून. आमच्या शॉपमधल्या पोरांना एक सांगणं आहे: कॉम्प्रेसरची हवा मारू नका. त्यात तेल आणि पाणी येतं. हे मी अनुभवाने बोलत नाही, पण हात नोझलपर्यंत गेला होता.

प्रिंट

वर्षातून दहा तरी प्रिंट काढा आणि ज्यांचे फोटो आहेत त्यांना नेऊन द्या. वडगावच्या एका विणकर काकांना मी गेल्या दिवाळीआधी १२ बाय ८ दिली. परवा गेलो तेव्हा ती लॅमिनेट होऊन मागाच्या वर टांगलेली होती. तो फोटो मी एफ १.८वर काढला होता. फोकस डोळ्यांवर नाही, कानावर गेलाय. मला लांबूनच दिसलं. काका म्हणाले, "आमच्या सुनेचा पण असाच काढा की." मी रिंग २.८वर नेली आणि तिला खिडकीकडे तोंड करून बसायला सांगितलं.